एकट्याने एस्पेरांटो शिकताना उत्साह टिकवायचा कसा?

प्रश्न : अधुरी वही

नमस्कार.

गेल्या तीन वर्षांत मी एस्पेरांटो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा शिकायला चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा साधारण एकाच टप्प्यावर येऊन थांबले. पहिला महिना फार आनंदात जातो. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', क्रियाविशेषणाच्या शेवटी 'ए', वर्तमानकाळाला 'आस', भूतकाळाला 'इस' आणि भविष्यकाळाला 'ओस' हे सारे एका संध्याकाळी समजते, आणि क्रियापदाचे रूप कर्त्याच्या लिंगाने वा वचनाने बदलत नाही हे कळल्यावर तर मन अगदी हलके होते. 'साना' म्हणजे निरोगी. त्याच्या आधी 'माल' आले की अर्थ उलटून आजारी असा होतो, पुढे 'उल' जोडले की आजारी माणूस, आणि त्यापुढे 'एय' जोडले की त्या माणसांची जागा, म्हणजे 'मालसानुलेयो', रुग्णालय. हा शब्द कोशात न पाहता मी स्वतः उलगडला, तो दिवस मला अजून आठवतो.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मात्र सारे मंदावते. धडे संपत येतात, परंतु दोन माणसांचे खरे बोलणे ऐकले की त्यातले निम्मेही हाती लागत नाही, आणि स्वतःचे एखादे वाक्य लिहायला घेतले की प्रत्येक शब्दापाशी शंका उभी राहते. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये माझी सलग दिवसांची मोजणी एकदा १४० च्या पुढे गेली होती. आजारपणात ती तुटली, आकडा शून्यावर आला आणि त्यानंतर ते ॲप उघडावेसेच वाटले नाही. काही महिन्यांनी मन खाऊ लागते, मी वही उघडते, आणि मधले सारे विसरले असणार असे गृहीत धरून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करते.

दुसरी एखादी भाषा शिकत असते तर नोकरी, परीक्षा, परगावी राहण्याची गरज, काहीतरी पाठीशी असते. या भाषेला देश नाही, म्हणून सक्ती नाही, आणि मी सोडली तर कोणाचेही काही अडत नाही. 'हिचा उपयोग काय?' असे लोक विचारतात तेव्हा मी पूर्वी हिरिरीने उत्तर द्यायचे. अलीकडे तो प्रश्न मीच मला विचारू लागले आहे. भाषा मला मनापासून आवडते, सोडायची नाही. ज्यांनी ती कोणत्याही वर्गाशिवाय, एकट्याने आणि शेवटपर्यंत शिकली, त्यांनी हा मधला ओसाड पट्टा कसा ओलांडला, हे कृपया सांगावे.

---

उत्तर : पत्रवाहक

तुमचा प्रश्न वाचताना माझीच जुनी वही वाचत असल्यासारखे वाटले. एस्पेरांटो बोलणाऱ्यांमध्ये या अवस्थेला रूढ नाव आहे, 'एतेर्ना कोमेन्त्सान्तो', म्हणजे कायमचा नवशिका. एखाद्या अवस्थेला असे नाव पडते ते तिच्यातून पुष्कळ लोक गेलेले असतात म्हणूनच. तेव्हा हा तुमच्या स्वभावातला दोष आहे असे कृपया मानू नका. मी स्वतः जवळजवळ दोन वर्षे त्याच अवस्थेत होतो.

माझ्या मते याचे मूळ एका खऱ्या पण अपुऱ्या आश्वासनात आहे. भाषा सोपी आहे असे आपल्याला सांगितले जाते, आणि तिचे नियम खरोखरच सोपे आहेत. परंतु नियम समजणे आणि बोलता-लिहिता येणे यांच्यामध्ये जे अंतर कोणत्याही भाषेत असते ते इथेही आहेच. दुसऱ्या भाषेत नियमच इतके अवघड असतात की सहाव्या महिन्यात अडखळलो तरी आपण स्वतःला क्षमा करतो. इथे मात्र 'सोपी असूनही मला येत नाही' असे मनात येते आणि तो विचार माणसाला आतून खचवतो. म्हणून पहिली विनंती अशी की, भाषा सोपी आहे हे वाक्य काही काळ बाजूला ठेवावे आणि एका संपूर्ण, जिवंत भाषेला लागतो तेवढा वेळ तिला खुशाल द्यावा.

आता सक्तीविषयी. तुमचे निरीक्षण अगदी अचूक आहे, आणि मला वाटते की ही अडचण सर्वांत आधी ही भाषा रचणाऱ्या खुद्द झामेनहॉफ यांनाच जाणवली असावी. त्यांनी जुलै १८८७ मध्ये वॉर्सा येथे 'डॉक्टर एस्पेरांटो' या टोपणनावाने आपले पहिले पुस्तक रशियन भाषेत प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात वाचकांसाठी वचनपत्रे छापली होती. एक कोटी लोकांनी असेच वचन जाहीरपणे दिल्याचे दिसून आले तर मीही ही भाषा शिकेन, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर होता. विचार तर्काला धरून होता: बोलायला कोणी नसेल तर शिकायचे कशाला, तेव्हा सर्वांनी मिळून एकदम सुरुवात करावी. एक कोटी वचने कधीच जमली नाहीत. त्यांनी पुढे काय केले ते मला फार मोलाचे वाटते. १८८९ मध्ये त्यांनी 'आद्रेसारो' या नावाने एक पुस्तिका काढली, आणि तिच्यात एक हजार लोकांची नावे व पत्ते छापले. एक कोटींची वाट पाहणे सोडून त्यांनी हजार माणसांना एकमेकांचे पत्ते दिले, आणि ही भाषा तिथून पुढे पत्रांवर जगली.

१९०५ मध्ये फ्रान्समधील बुलोन-स्युर-मेर येथे पहिले जागतिक संमेलन भरले, त्याला ६८८ लोक आले होते. त्यांतील अनेकांनी भाषा पुस्तकातून आणि पत्रव्यवहारातून, तुमच्या-माझ्यासारखी एकट्याने शिकलेली होती, आणि परदेशी माणसाच्या तोंडून ती प्रथमच ऐकली होती. तरीही ते एकमेकांशी बोलू शकले. मला निरुत्साह वाटायचा तेव्हा मी त्या सभागृहाची कल्पना करीत असे: अठरा वर्षे कागदावर वाढलेली भाषा शेकडो लोक प्रथमच तोंडाने बोलत आहेत, प्रत्येकाच्या मनात धाकधूक आहे, आणि समोरच्याला कळते आहे.

माझी स्वतःची सुटकाही पत्त्यानेच झाली. पत्रमित्र हवा अशी विनंती मी एके ठिकाणी लिहून ठेवली होती आणि विसरूनही गेलो होतो. एका वयस्कर बाईंचे चार ओळींचे पत्र आले. ते मी शब्दकोश घेऊन वाचले आणि पाच ओळींचे उत्तर लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक पत्र, असा क्रम पडला. मी अभ्यास करीत नव्हतो त्या आठवड्यातही त्या माझ्या उत्तराची वाट पाहत असत, आणि त्यांना वाट पाहायला लावणे मला बरे वाटत नसे. तुम्ही ज्या सक्तीची उणीव सांगता ती मला एका माणसाने दिली. सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आले की मी पत्राचा कच्चा मसुदा मराठीत करणे केव्हाच सोडून दिले आहे.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की, एक माणूस शोधावा. त्याचा देश कोणता, वय काय, आवडीनिवडी जुळतात का, याचा फार विचार करू नये. त्याची मातृभाषा तुम्हाला येत नसावी आणि तुमची त्याला येत नसावी, एवढे मात्र पाहावे, कारण दोघांना दुसरी कोणतीही सोयीची भाषा असली की पत्र हळूहळू तिकडे वळते. एक पथ्यही सांगतो. पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करणे कायमचे बंद करा. पाचव्यांदा वही उघडाल तेव्हा जिथे थांबला होतात त्याच्याही दोन पाने पुढे उघडा. जे विसरले असेल ते वापरताना परत येते. जे आधीच येते तेच पुन्हा शिकत बसण्यात वेळ आणि उमेद दोन्ही खर्च होतात.

---

उत्तर : निवांत वाचक

पत्रवाहक यांच्या म्हणण्याविषयी पूर्ण आदर ठेवून थोडे वेगळे सांगते, कारण पत्रव्यवहार सर्वांच्या स्वभावात बसत नाही आणि माझ्या तर मुळीच बसला नाही. मला भाषेत टिकवले ते वाचनाने.

क्लोद पिरों यांची 'गेर्दा मालापेरिस' ही १९८३ ची छोटी कादंबरी खास शिकणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे. आरंभीची प्रकरणे अगदी थोड्या शब्दांत आहेत आणि पुढे शब्दसंख्या हळूहळू वाढत जाते. 'आपेर' म्हणजे दिसू लागणे, त्याच्या आधी 'माल' आले म्हणून नाहीसे होणे, शेवटी भूतकाळाचा 'इस'. गेर्दा नाहीशी झाली, इतके शीर्षकातच कळते, आणि मग ती का नाहीशी झाली हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेवावेसे वाटत नाही. मी ते एका महिन्यात संपवले. या भाषेत मला प्रथमच एखादी गोष्ट जाणून घ्यायची होती आणि भाषा हे तिचे केवळ साधन झाले होते. इतके दिवस ते उलटे चालले होते.

त्यानंतर मी 'मोनातो' हे मासिक वाचू लागले. त्यात निरनिराळ्या देशांतील लोक आपापल्या देशातील घडामोडींविषयी लिहितात, आणि ते अनुवादातून आलेले नसते. 'उपयोग काय' या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तिथे मिळाले. एस्पेरांटो विकिपीडियावर तीन लाखांहून अधिक लेख आहेत. तिथे मी सुरुवातीला तीन-तीन ओळींचे लेख लिहीत असे. अनोळखी माणसे येऊन माझ्या चुका दुरुस्त करून जात, आणि त्या दुरुस्त्या पाहून मी जितके शिकले तितके कोणत्याही धड्याने शिकवले नाही.

---

अधुरी वही

दोघांचेही मनापासून आभार. हजार पत्त्यांची हकिकत मला माहीत नव्हती आणि ती वाचून फार धीर आला.

खरे सांगायचे तर पत्र लिहिण्याचा विचार पूर्वीही मनात आला होता. मला अडवते ती चुकांची भीती. कर्माला लावायचा 'न' मी निम्म्या वेळा विसरते आणि कधी नको तिथे लावते. एका चर्चेत मी दोन वाक्ये लिहिली होती, त्यांत तीन दुरुस्त्या आल्या. दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, तरीही त्यानंतर मी तिथे काही लिहिले नाही. नियम एका ओळीत सांगता येतो, तो मला पाठही आहे, आणि तोच नेमका हाताला वळण लावून घेत नाही, याचे फार वाईट वाटते.

---

उत्तर : व्याकरणप्रेमी

या 'न'विषयी थोडे विस्ताराने लिहितो. ही चूक निष्काळजीपणाची नाही, ती तुमच्या मातृभाषेतून येते, आणि हे एकदा दिसले की तिचा जाच पुष्कळ कमी होतो. उत्साहाच्या गोष्टी करताना आपण बहुधा मनाचाच विचार करतो. माझा अनुभव असा आहे की अनेकदा उत्साह एखाद्या बारीकशा व्याकरणाच्या काट्याने गळून पडलेला असतो आणि तो काटा काढला की माणूस आपोआप चालू लागतो.

मराठीत आपण 'मी मुलाला पाहिले' असे म्हणतो, पण 'मी घर पाहिले' असे म्हणतो. सजीव कर्माला 'ला' लागतो, निर्जीव कर्म बहुधा उघडेच राहते. एस्पेरांटोत दोन्हींना 'न' लागतो: 'मी विदिस क्नाबोन', 'मी विदिस दोमोन'. तुमच्या जुन्या वह्या काढून पाहा. माणसांना तुम्ही 'न' बरोबर लावला असेल आणि वस्तूंचा विसरला असाल, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर संपूर्ण नियमाशी झगडण्याचे कारण उरत नाही. फक्त निर्जीव कर्मावर लक्ष ठेवा: पुस्तक, घर, पाणी, पत्र. महिनाभर एवढी एकच गोष्ट पाहायची, बाकीच्या चुका होऊ द्यायच्या.

दुसरी अडचण दिशेच्या 'न'ची आहे. 'मांजर घरात धावते' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात, ते घरातल्या घरात धावत आहे किंवा बाहेरून धावत घरात शिरत आहे, आणि 'त' हा प्रत्यय दोन्हींना पुरतो. एस्पेरांटोत पहिल्या अर्थी 'एन ला दोमो' आणि दुसऱ्या अर्थी 'एन ला दोमोन' असे म्हणावे लागते. हा भेद आपल्याला मुद्दाम पाहायला शिकावे लागते.

तिसरी चूक मराठी माणूस हमखास करतो आणि तिच्याविषयी कोणी सावध करीत नाही. आपण 'मी कधीच विसरत नाही' म्हणतो तेव्हा नकार क्रियापदाबरोबर येतो. एस्पेरांटोतील 'नेनियाम' या शब्दात तो नकार आधीच आहे, म्हणून 'मी नेनियाम फोर्गेसास' एवढेच पुरे होते. सवयीने त्यात 'ने' घातला तर वाक्याचा अर्थ उलटतो आणि आपण सतत विसरत असतो असे समोरच्याला वाटते.

आता मराठीने आपल्याला जे फुकट दिले आहे तेही पाहा, कारण ते कोणत्याही परक्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले सापडणार नाही. 'सिआ' या सर्वनामापाशी अनेक भाषांचे लोक अडखळतात. आपल्याला 'तो आपले पुस्तक वाचतो' आणि 'तो त्याचे पुस्तक वाचतो' यांतला फरक लहानपणापासून कानाने ठाऊक आहे. पहिल्याला 'सिआन', दुसऱ्याला 'लिआन'. सांभाळायचे एवढेच की आपला 'आपले' हा शब्द मी, तू, तो सर्वांना चालतो आणि 'सिआ' फक्त तृतीय पुरुषाला चालतो, म्हणून 'मी आपले पुस्तक वाचते' याचे 'मी लेगास मिआन लिब्रोन' असेच करावे लागते. 'मला पुस्तक आवडते' या वाक्याची रचना तर 'ला लिब्रो प्लाचास आल मी' अशी जशीच्या तशी उतरते. उच्चारातही तसेच आहे. चमच्यातला 'च' आणि चंद्रातला 'च' हे आपल्या लिपीत एकाच अक्षराने लिहिले जातात, पण जीभ त्यांना वेगळे ठेवते. एस्पेरांटोत ती दोन स्वतंत्र अक्षरे आहेत आणि मराठी माणसाला दोन्ही उच्चार जन्मापासून येतात.

आणि ज्या पंचेचाळीस शब्दांच्या तक्त्याला सगळे नवशिके घाबरतात, तो आपल्या घरचाच आहे. कुठे, तिथे, केव्हा, तेव्हा, किती, तितके, कसा, तसा. प्रश्नाला 'क' आणि निर्देशाला 'त' ही आपली रीत. त्यांच्याकडे प्रश्नाला 'कि', निर्देशाला 'ति', अनिश्चिताला 'इ', सर्वांना 'चि' आणि नकाराला 'नेनि': किए म्हणजे कुठे, तिए म्हणजे तिथे, इए कुठेतरी, चिए सगळीकडे, नेनिए कुठेच नाही. शेवटचा 'ए' काढून 'आम' लावला की हीच पाच रूपे काळाची होतात. एकच सावधगिरी घ्यावी. आपल्याकडे 'जिथे, जेव्हा, जितके' ही संबंधी रूपे वेगळी आहेत. तिथे ते काम प्रश्नार्थक शब्दच करतो. हा तक्ता मी पाठ केला नाही. मराठी तक्ता शेजारी लिहून काढला, आणि त्यानंतर तो पाठ करण्याची गरज पडली नाही.

दुरुस्त्यांविषयी शेवटचे. ज्याला पत्र लिहाल त्याला पहिल्याच पत्रात सांगून टाका की मी शिकत आहे, प्रत्येक पत्रातील एकच चूक कृपया दाखवा. एका वेळी एक दुरुस्ती माणूस आनंदाने घेतो. तीन एकदम आल्या की त्या पेलत नाहीत, आणि यात तुमची काहीच चूक नाही.

---

उत्तर : दूरचा श्रोता

वरच्या उत्तरांत लिहिण्या-वाचण्याचे आले, ऐकण्याचे राहिले, आणि मूळ प्रश्नात तर 'दोन माणसांचे बोलणे कळत नाही' ही तक्रार आहे. माझ्या बाबतीत उत्साह मावळण्याचे खरे कारण तेच होते. वाचताना जे शब्द मला ओळखीचे वाटत ते ऐकताना निसटून जात, आणि इतक्या महिन्यांनी आपल्याला काहीच येत नाही असे वाटे.

नुसते जास्त ऐकल्याने माझे भागले नाही. मी दोन-तीन मिनिटांचा एकच तुकडा, लेखी मजकूर समोर ठेवून, आठवडाभर रोज ऐकत असे आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणत असे. या भाषेत आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो. हे कानात एकदा बसले की बोलण्याच्या ओघात एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळू लागते. मराठीत असा ठळक आघात नसल्याने आपला कान त्यावर विसंबत नाही, त्याला ती सवय मुद्दाम लावावी लागते. चौथ्या-पाचव्या तुकड्यापाशी मला एक अनोळखी मुलाखत मध्येच दोन मिनिटे सलग समजली.

ऑनलाइन गप्पांच्या बैठका पुष्कळ होतात, त्यांत पहिले काही वेळा केवळ ऐकत बसले तरी कोणी वाईट मानत नाही. एस्पेरांटो बोलणाऱ्यांत 'क्रोकोदिली' असे एक क्रियापद आहे. जिथे एस्पेरांटो बोलणे अपेक्षित आहे तिथे आपली मातृभाषा बोलणे, असा त्याचा अर्थ. अडखळत, चुकत एस्पेरांटोच बोलत राहणाऱ्या माणसासाठी तितकेच रूढ झालेले कोणतेही हिणवणारे क्रियापद माझ्या कानावर आलेले नाही.

---

अधुरी वही

सात आठवड्यांनी परत लिहीत आहे.

व्याकरणप्रेमी यांचा अंदाज खरा निघाला. तिसऱ्या वहीत मी लिहिलेली एकूण एकसष्ट वाक्ये तपासली. माणसांपुढचा 'न' केवळ चार ठिकाणी चुकला आहे, वस्तूंपुढचा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी. इतकी वर्षे मी ज्याला माझा आळस समजत होते ते माझे मराठी होते, हे कळल्यावर मला किती मोकळे वाटले ते सांगता येणार नाही.

पहिल्या धड्याकडे परत गेले नाही. गेर्दाची गोष्ट अर्ध्याहून पुढे आली आहे. काही दिवस वही उघडलीही नाही, पण या वेळी मोजणी ठेवलेली नसल्याने तुटण्यासारखे काही नव्हते, आणि पाचव्या दिवशी पुस्तक जिथे होते तिथूनच पुढे वाचले.

पत्रही लिहिले. मला मिळालेल्या पत्रमैत्रीण निवृत्त शिक्षिका आहेत आणि आम्हा दोघींना समान असलेली दुसरी कोणतीही भाषा नाही. पहिल्या पत्रात त्यांना 'वी' असे संबोधताना फार अवघडल्यासारखे झाले, कारण त्या भाषेत तू आणि तुम्ही यांना एकच शब्द आहे आणि वडीलधाऱ्या व्यक्तीला आपण एकेरी हाक मारीत आहोत असे सारखे वाटत होते. एकच चूक दाखवावी अशी विनंती केली होती, त्याप्रमाणे त्यांनी एकच दाखवली: 'नेनियाम'बरोबर मी 'ने' घातला होता. त्यांच्या पत्राला यायला अठरा दिवस लागले, आणि त्या अठरा दिवसांत मी दररोज पाहत होते.

आता उत्तर लिहायला घेतले आहे आणि पहिल्याच वाक्यापाशी अडले आहे. 'मी तुमच्या पत्राची वाट पाहत होते' असे मला म्हणायचे आहे. 'पाहत होते' यासाठी मी 'एस्तिस आतेन्दान्ता' अशी दोन पदांची रचना केली आहे. ती बरोबर आहे का?

---

उत्तर : व्याकरणप्रेमी

रचना चुकीची नाही, परंतु जड आहे, आणि तीही मराठीतूनच आली आहे. आपण 'पाहत होते' असे दोन शब्दांत म्हणतो म्हणून तिथेही दोन शब्द हवेत असे वाटते. एस्पेरांटोत साधा भूतकाळ हा अर्थ सहज पेलतो. शिवाय 'पत्राची वाट' यातला 'ची' तिकडे नेऊ नका. 'आतेन्दी' या क्रियापदाला पत्र हे थेट कर्म लागते, आणि पत्र निर्जीव आहे, तेव्हा 'न' विसरू नका.

'मी आतेन्दिस विआन लेतेरोन.' एवढेच लिहा आणि पत्र आजच पाठवा.